वार्वाराचा विलाप

रोमानियातल्या त्या डोंगरी गावात प्रत्येक मयतावर वार्वारानेच विलाप गायला होता. आज दवाखान्याच्या बाकावर ती मैत्रिणीजवळ, फ्लोआराजवळ, बसली होती. नंबर पुकारणारी सान्दा दाराशी उभी राहून ऐकत होती.

“डॉक्टर म्हणतो, ईस्टर दिसेल. पुढचं काही बोलत नाही.”

“मग तुझ्यावर कोण गाईल गं?”

“पाद्री मोबाइलवर कुठला तरी विलाप लावेल.”

“त्यात तुझं नाव कुठे असतं?”

“नसतं. बिननावाचीच जाईन.”

“मी गाते. शिकव मला.”

“तुझा गळा म्हणजे फुटका हंडा.”

“असू दे.”

“मग म्हण. वार्वारा, चूल विझवून कुठे निघालीस?”

“वार्वारा, चूल...”

“रडू नकोस. रडलं की शब्द चुकतात. पुन्हा म्हण.”

आता वार्वाराचा नंबर होता. सान्दाने तिच्या मागच्या माणसाला आत घेतलं.