पडदा दोन बोटं खाली

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी विमानाला दोन तास उशीर असल्याची घोषणा झाली. माझ्या मागच्या खुर्च्यांवर एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती. समुद्रकिनाऱ्यावर सहा दिवस राहून दोघं घरी निघाली होती.

"अहो, काय शिकलात सहा दिवसांत?"

"वाळू झटकायला."

"थट्टा पुरे."

"बरं. पाण्यावर उताणं पडलं की पाठ दुखत नाही, हे शिकलो."

"तेही तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस खोलीचा पडदा शिवत बसला होतात."

"अगं, एका बाजूला दोन बोटं खाली आला होता!"

"पडदा हॉटेलचा, सुई-दोरा घरचा."

"सवय गं."

"आणि त्या वेटरची कॉलर?"

"झिजली होती, उलटवून दिली. किती खूश झाला बिचारा!"

"आणि पाण्यात पडल्या पडल्या मला काय म्हणालात?"

"पाण्यात माणूस काहीही म्हणतो."

"आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवू, म्हणालात. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. रोज रात्री तुमची पाठ मी चोळते, मला विचारा."

"शाळांचे गणवेश तोंडावर आलेत."

"ते दरवर्षीच येतात. वार सांगा."

"घरी गेल्यावर बघू."

"घरी गेल्यावर तुम्ही मशीनवर बसाल. आधी ती खिशातली टेप द्या इकडे."

सव्वाबाराला विमानात चढण्यासाठी रांग लागली, तेव्हा टेप तिच्या पर्समध्ये होती. वार त्याने अजून सांगितला नव्हता. सोमवारपासून बोटांवर मोजत तो गुरुवारपर्यंत आला होता.