बिगर झाकनाची बाटली

…नाई जमत, ताई. डबा आत नाई जात, अन् बाटलीतलं पानी बी नाई जात. बाटली खुशाल न्या, पन रिकामी करून, अन् झाकन इथं टाका, या पोत्यात. — माह्या घरचा नियम हाये का हा? त्या बोर्डावर पाहा ना, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहेल हाये, बाहेरचं खानं-पानी आत आनाले सक्त मनाई. — झाकन काऊन काढता म्हनता? सारेच विचारतात. भरेल बाटली झाकन लावून फेकली का स्टेजवर गोट्यासारखी लागते म्हनतात. कुठं तरी कोन्या गानाऱ्याच्या कपाळाले लागली म्हने, तवापासून साऱ्या दुनियेच्या बाटल्या बोडक्या झाल्या. — बसा, त्या खुर्चीवर बसा. तिकीट तुमच्या मालकाच्या मोबाईलवर हाये अन् मालक गाडी लावाले गेले ना, मंग येऊ द्या त्यायले. आता काही गर्दी नाई. मघा होती गर्दी, बाप्पा, जत्राच! आता सारे आत गेले, अन् मी हाये अन् हे पोतं हाये.

आत काय, सारं मिळते. समोसा मिळते, कॉफी मिळते, थंडा मिळते. नगदी चालत नाई पन, पह्यले कुपन घ्या लागते, अन् उरलं तं वापस नाई. मघा एक बाई कुपन नाचवत आली माह्याजवळ, म्हने बाबा, एक समोसा खाल्ला, आता बाकीचं काय करू? म्या म्हनलं, गान्यावरून ओवाळून टाका. — अन् पानी? पानी साठले. हो, साठ! तुमच्या मांगं त्या ठेल्यावर वीसले हाये तीच बाटली, तीच कंपनी. गेटाच्या या बाजूनं वीस, त्या बाजूनं साठ. मधात काय हाये असं? मधात मी हाये. मी नसतो तं वीसचं पानी वीसलेच आत गेलं असतं ना. एका पोट्ट्यानं मले तोंडावर म्हनलं हे. म्या त्याची बी बाटली वतली. चिखल पाहा किती झाला इथं, पाहा ना! वर्ध्यात मार्च महिन्यात नळाले पानी नाई अन् माह्या पायाखाली चिखल.

काय करता, ताई, मी हाये नियमाचा मानूस. अंकुशनं, माह्या पोरानं, हे काम लावून देलं. म्हने बाबा, सेलूत बसून काय करता, मोठे मोठे प्रोग्राम होऊन राह्यले इकडे, शर्ट भेटते, शिट्टी भेटते. सुपरवायझरनं पह्यल्याच दिवशी सांगतलं, प्रभाकरराव, तोंडं पाहू नका, बाटल्या पाहा. तोंड पाह्यलं का दया येते. बराबर सांगतलं त्यानं. मी तोंडं पाहातच नाई. हात येते, हातात बाटली येते, झाकन काढाचं, पानी वताचं, झाकन पोत्यात, बाटली वापस, पुढं चला. पोरी म्हनतात, बाबा, राहू द्या ना, बाबा, एकच हाये ना. सगळ्याच मले बाबा म्हनतात. किती जनीनं म्हनलं असन आज. कान निबर होऊन जातात मानसाचे. होतात का नाई? होतात.

अन् नियम मले कोनी शिकवाची गरज नाई, मी जनमभर पाळत आलो. मी तं माह्या पोरीच्या घरी बी आपलं पानी घेऊन जातो! — हासता काऊन? लेकीले लेकरू झाल्याबिगर बापानं तिच्या घरचं अन्न-पानी घ्याचं नाई, आमच्यात हाये असं. तुमच्यात नाई? बरं हाये मंग. आमच्यातही आता कोनी पाळत नाई, पन माह्या बापानं पाळलं, म्या पाळलं. छाया म्हनतात तिले. अल्लीपूरले देली. जावई शांत मानूस हाये, घरी वावर हाये, सारं हाये. मी सेलूहून निघो तं थैलीत भाकर-चटनी, अन् बाटलीत घरचं पानी. ओसरीवर बसलो का ती गिलास घेऊन समोर उभी राहे, म्हने, बाबा, घोटभर. मी बाटली वर करून दाखवो, आनलं ना बाई संगं. मी हासो, ती बी हासे. — पह्यले पह्यले हासे. मंग हासनं बंद झालं तिचं, पन गिलास घेऊन उभं राह्यनं नाई सोडलं. एवढे वर्सं झाले लग्नाले, लेकरू नाई. शेजारच्या बायका ओट्यावरून पाहेत, का बाप आला, अन् बाप आपलं पानी पिऊन राह्यला. मले काय मालूम त्यात काय हाये? मी माह्या नियमात. मनकर्णा, माह्यी घरवाली, होती तवा म्हने मले, तुमी जाऊच नका तिकडे, नाई तं पेत जा. माय गेली तिची. आता तिचं माहेर म्हनाल तं मीच.

कुठं गेलतो मी? हां, पानी. पान्याचं सांगत होतो. मंग दिवस राह्यले ना तिले! फोन आला, अन् साऱ्या आळीत म्या पेढे वाटले. तिले म्हनलं, आता येतो तं बाटली आनत नाई, आता तुह्या हातचं पुरन खातो, पोट फुटेस्तोवर खातो. हासली ती फोनवर, लय दिवसानं हासली. तारीख जवळ आली तवा सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं… लेकरू झालं. पोरगा होता. रडलाच नाई तो. कपड्यात गुंडाळून देला जावयाच्या हातात, अन् जावई नुसता उभा. असं वाटे का आता रडन, आता रडन.

मी गेलो नंतर अल्लीपूरले. माह्यी मोठी बहीन रुख्माबाई संगं होती, आमच्या घरी तिचा शब्द चालते. छाया भिंतीले टेकून बसलती. आमाले पाहून उठली, अंगात तं जीव नाई, भिंत धरून धरून आत गेली, अन् गिलास भरून आनला. म्हनली, बाबा, आता तरी घ्या. लेकरू झालं ना मले. — असं म्हनली. लेकरू झालं ना मले. म्या हात पुढं केलता, ताई, खरं सांगतो, गिलास हातात घेतलता. रुख्माबाईनं मान हालवली. इतकीशी. म्हने, प्रभाकर, ते धरत नाई. — धरत नाई. म्हंजे जे रडलं नाई ते मोजत नाईत. मंग? मंग काय, म्या गिलास खाली ठेवला. छायानं तोच गिलास उचलला, उभ्या उभ्या सारा पेली, अन् मोरीकडे भांडे घासाले गेली. ओली बाळंतीन होती ती. तवापासून मले तिचा फोन नाई. अंकुशले येते. मले नाई.

पन नियम होता ना. मोठ्या बहिनीसमोर… तुमी असत्या तं काय केलं असतं? सांगू नका, असू द्या.

आज आलती ती. — कोन म्हंजे? छाया! इथं. याच गेटातून आत गेली. बचत गटाच्या बायायले पासेस भेटले म्हने तिकडे, गाडी भरून आल्या, साऱ्याजनी एकाच रंगाच्या साड्या, जांभळ्या. बायायच्या लायनीत खरं म्हंजे पोट्टी असते तपासाले, पन ती चहाले गेलती, तं सुपरवायझर म्हने, प्रभाकरराव, तुमीच पाहून घ्या. तो मांगंच उभा. मी खाली मान घालून. हात, बाटली, झाकन, पानी, पुढं चला. हात, बाटली, झाकन. एक बाटली आली, ओलं फडकं गुंडाळेल. आवाज आला, बाबा, घ्या, थंड हाये. म्या घेतली. झाकन काढलं. वतली. अशी, उलटी धरून. झाकन फेकलं पोत्यात, बाटली वापस देली, म्हनलं, पुढं चला. अन् तो हात जागचा हालेच ना. बाटली धरून तसाच. म्या म्हनलं, चला ना बाई, मांगं लाईन हाये, अन् तवा त्या फडक्याकडे ध्यान गेलं. मनकर्णाच्या लुगड्याचं फडकं. हिरव्या काठाचं. म्या घेऊन देलतं ते लुगडं तिले, आष्टीच्या बाजारातून. म्या मान वर केली, तं जांभळ्या साड्या सरकून राह्यल्या पुढं, एकीसारखी एक. पाठमोऱ्या. म्या शिट्टी वाजवली, ताई. पोरीले हाक माराची सोडून शिट्टी वाजवली म्या. साऱ्या बायायनं मांगं पाह्यलं. तिनं नाई पाह्यलं.

आता मले सांगा, ती बाटली काठोकाठ भरेल होती. जड लागली ना हाताले. अल्लीपूरहून इथवर आली ती, गाडीत कोंबून, या उन्हात, अन् थेंबभर पेली नाई? मंग लायनीत उभी राह्यली, तरी नाई पेली? तहान नसन? कशी नसन! फडकं ओलं होतं, म्हंजे वाटेनं थांबून थांबून ओलं केलं असन तिनं. अंकुशनं सांगतलं असन, बाबा गेटावर हायेत, दिवसभर उन्हात उभे असतात. ती म्हनली असन मनात… हे काही माह्यं घर नाई. हे गेट हाये. रस्ता हाये. रस्त्यावर कोनी बी कोनाले पानी देते, रस्त्यावर नियम लागत नाई. इथं पेतीन बाबा. घरचं पानी होतं ते, तिच्या विहिरीचं. “घ्या” म्हनली ती मले. बाकीच्या पोरी “राहू द्या” म्हनतात, ती एकटी “घ्या” म्हनली, अन् म्या वतलं. इथंच वतलं, पाहा, तुमच्या चपलेजवळ.

रडत नाई मी. धूळ हाये इथली.

हे झाकन पाहा. पोतं उपडं केलं म्या मघा, गर्दी सरल्यावर. साऱ्या निळ्या-पांढऱ्या झाकनातून कोनतं तिचं, कसं समजन? एक लाल भेटलं, जुनं, घासेल. हेच असन असं मानून खिशात ठेवलं. नसन बी. — अन् आता ती आत बसली हाये कोरड्या घशानं. साठची बाटली घेनार नाई ती, मनकर्णाची पोरगी हाये, तिच्यानं मोडवनार नाई साठ रुपये पान्यावर. मले गेट सोडता येत नाई. ठेल्यावरून वीसची घेऊन कोनाच्या हातानं पाठवावं म्हनलं, तं आत कोन जाऊ देईन? कोन अडवन? मीच तं अडवन! दुसरं कोन हाये इथं?

काय? — नाई, नाई, मले नको देऊ. अशी बाटली पुढं धरू नको, बाई, पाया पडतो, धरू नको अशी. तहान लागली हाये, नाई कशाले म्हनू. तो पाह्य तिकडे जार हाये आमच्यासाठी, थंड हाये, फुकट हाये. गेलतो मी, गिलास तोंडाले लावला, उतरतच नाई. आता पेईन तं तिच्या हातचं पेईन. अल्लीपूरले जाईन, थैली नाई, बाटली नाई, मोकळ्या हातानं जाऊन ओसरीवर बसीन. रुख्माबाई काय म्हनाचं ते म्हनो. लेकरू झालतं माह्या पोरीले. मले नातू झालता. धरते ते. — पन ती गिलास आनन का आता? तू सांग, तू बी कोनाची तरी लेक हाये. आनन का ती?

…नको सांगू. ते आले पाह्य तुहे मालक. या साहेब, या. तिकीट दाखवा. हां, बराबर. डबा इथं ठेवा, जाताना घेऊन जा, हात नाई लावत मी. बाटली? राहू दे. झाकनासकट राहू दे, पदराखाली धर. आत गेली का डाव्या बाजूनं जांभळ्या साड्या दिसतीन, त्यात एकीजवळ बोडकी बाटली असन, हिरव्या काठाच्या फडक्यातली. तिच्यात वतजो तुह्यातलं. कोनं पाठवलं म्हनून विचारलं तं… नाई विचारनार ती. तू बी नको सांगजो. जाय आता, जाय लवकर, सुपरवायझर इकडंच येऊन राह्यला. — कोन हाये मांगं? या पुढं. बाटली दाखवा. झाकन काढा.