तीन फूट, नाहीतर तीन किलोमीटर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि वयानं, मानानं आम्हा सगळ्यांचे वडीलधारे महिपतआबा. पुण्याहून मुद्दाम वेळ काढून आलेले आपल्या खात्याचे वरिष्ठ अधिकारी अनुप साहेब. ज्यांच्यासाठी ही शाल, हा नारळ आणि हा फेटा आणलाय ते सत्कारमूर्ती नागेश कोकरे साहेब आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. सूत्रसंचालन करणाऱ्या तेजश्री मॅडम. मधपालन नोंदणी कार्यालयाचे सर्व कर्मचारी. आणि बारामती, इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून आपली कामं टाकून आलेल्या माझ्या मधपाळ बंधूभगिनींनो, आपणा सर्वांना सविनय जयभीम आणि नमस्कार.

मी रतन मखरे, राहणार लासुर्णे. तेजश्री मॅडमनी मला पाच मिनिटं दिलीत आणि कानात हळूच सांगितलंय, "ताई, आज गोड बोलायचं बरं का." मॅडम, मधाचा धंदा करते मी, गोड बोलायला मला कुणी शिकवायला नको. पण कोकरे साहेब आज सायंकाळी सव्वासहाला सेवानिवृत्त होतायत आणि आत्ता साडेचार वाजलेत. म्हणजे अजून पावणेदोन तास ते या खात्याचे अधिकारी आहेत. तेवढ्या वेळात मला त्यांच्या हातून एक कागद दुरुस्त करून हवाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की रतननं निरोपाच्या नावाखाली माईक बळकावला.

आता आधी गुण गाते, कारण ते खरे आहेत. अकरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच्या रानात खुरपत होते. आमच्या नावावर जमीन म्हणाल तर घराच्या पायाखाली आहे तेवढी. बावड्याला मधपालनाचं प्रशिक्षण आहे असं कळलं म्हणून गेले. चाळीस पुरुष आणि मी एकटी बाई. नोंदणीच्या अर्जावर पहिलाच रकाना, सातबारा उतारा. मी उठून निघालेच होते. कोकरे साहेब फळ्यापुढून ओरडले, "ओ ताई, कुठं निघालात? बसा खाली. माशीला कुठं सातबारा लागतो?" सगळे हसले, मीही हसले. पण साहेब नुसतं बोलून थांबले नाहीत. आमच्या गावच्या मोहनरावांकडं स्वतः मोटारसायकलवर गेले आणि त्यांच्या बांधावर पेट्या ठेवायचं संमतिपत्र लिहून आणलं. मोहनराव कांद्याचं बी पिकवतात. गोंड्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलांवर, माशी फिरली नाही तर बी भरत नाही, म्हणून तेही खूश. मोहनराव समोर बसलेत, विचारा हवं तर. व्हय म्हणतायत बघा.

त्या प्रशिक्षणात साहेबांनी एक गोष्ट आमच्या डोक्यात हाणून बसवली. पोरं कंटाळली की ते फळ्यावर डस्टर आपटायचे आणि म्हणायचे, "पेटी हलवायची असंल तर तीन फूट, न्हायतर तीन किलोमीटर. मधलं काय न्हाय!" मग सगळ्यांकडून म्हणून घ्यायचे. सभागृहात जे मधपाळ नाहीत त्यांच्यासाठी सांगते. माशी पेटी ओळखत नाही, ती जागा ओळखते. पेटी तीन फूट सरकवली तर तिला सापडते. तीन किलोमीटर लांब नेली तर मुलूखच नवा, मग ती नव्यानं सगळं शिकून घेते. पण शे-दीडशे फूट हलवली, तर चरायला गेलेली माशी जुन्याच जागेवर परत येते. तिथं पेटी नसते. ती तिथंच जमिनीवर बसते आणि मरते. एवढं साधं आहे.

आणि आता आपल्या मधपालन नियमांतलं कलम अकरा ऐका. रस्त्यापासून दीडशे फुटांच्या आत पेटी असल्यास नोटीस मिळाल्यापासून चोवीस तासांत ती दीडशे फूट मागे हलवावी आणि हलवल्याचा फोटो कार्यालयीन वेळेत काढून द्यावा. कार्यालयीन वेळेत! म्हणजे दिवसाउजेडी, माशा बाहेर गेलेल्या असताना. हे कलम ज्यानं लिहिलं त्यानं मध फक्त बाटलीत बघितला असणार.

अनुप साहेब, आपण कपाळाला आठ्या घालू नका. आपण लिहिलं असं मी म्हटलेलं नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत, मोहनरावांचा कांदा ऐन गोंड्यात असताना, मला ती नोटीस आली. कारखान्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याच्या कानाला माशी चावली होती. त्याचा कान दोन दिवस सुजला, मी त्याला भेटून आले, माफीही मागितली. नोटिशीखाली सही होती ना. भि. कोकरे. मी चारदा वाचली. मनात म्हटलं, दीडशे फूट? साहेबांनीच तर सांगितलेलं, मधलं काय न्हाय. मग म्हटलं, अगं रतन, साहेबांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. नवीन काही शास्त्र निघालं असेल. ज्यांनी शिकवलं त्यांचीच सही आहे, तर ते उगाच का सांगतील?

तेवढीच माझी चूक. दहा वर्षं माशांत काढलेली बाई, मला कळत होतं आणि तरी मी ऐकलं. सही दुसऱ्या कुणाची असती तर मी कागदाची पुडी करून त्यात शेंगदाणे बांधले असते.

सकाळी अकराला कार्यालयाचे लिपिक आले, मोबाईल काढून उभे राहिले. आम्ही बावीस पेट्या उचलल्या आणि दीडशे फूट मागे ओळीनं मांडल्या. फोटो निघाला. अर्ध्या तासात माशा परतायला लागल्या, पायाला पिवळा पराग लावून, भरल्या अंगानं. आल्या त्या जुन्याच जागेवर. पहिल्यांदा नुसत्या घिरट्या, मग एकेक खाली बसायला लागली. दुपारपर्यंत मोकळ्या मातीवर माशांचे गोळे झाले. मी एक पेटी उचलून परत निघाले तर लिपिक आडवे आले. म्हणाले, "ताई, फोटो चढलाय. आता मागं आणली तर नोंदणी रद्द हुईल, पेट्याबी जप्त हुतील." आणि मी हातातली पेटी खाली ठेवली. आजही ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

माझ्या सासूबाई, रंगुबाई, पंचाहत्तरीच्या आहेत. उन्हाचा चटका बघून त्या घरातली छत्री घेऊन आल्या आणि त्या गोळ्यांवर छत्री धरून बसल्या. साखरेचं पाणी शिंपडत होत्या. लिपिकाला म्हणाल्या, "आरं बाबा, माणसाचं घर हलवलं तर माणूस पत्ता इचारत जातं. हिनं कुणाला इचारायचं रं?" त्या पोरानं मोबाईल खिशात घातला. मी त्याला दोष देत नाही.

तिसऱ्या दिवशी मी जप्तीबिप्ती खड्ड्यात घातली आणि पेट्या जागेवर आणल्या. उशीर झाला होता. कामकरी माशाच राहिल्या नाहीत, तर आतल्या पिल्लांना भरवणार कोण? आपली सातेरी, पेटीत पाळतो ती देशी माशी, मानी असते, घर दुबळं झालं की राहिलेल्याही सोडून जातात. महिन्याभरात बावीसमधल्या सोळा पेट्या रिकाम्या झाल्या. मोहनरावांचा गोंडा हातावर चोळला तर बी निघेना, नुसता भुसा. त्या माणसानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

मग साहेब स्वतः पंचनाम्याला आले. इथं मी खोटं बोलणार नाही. साहेब बांधावर चपला काढून बसले, मूठभर मेलेल्या माशा तळहातावर घेतल्या. त्यांचे डोळे भरले होते, मी बघितलंय. वहिनी, तुम्हाला घरी सांगितलंय का नाही मला माहीत नाही. मग त्यांनी फॉर्म काढला. मृत्यूचं कारण: रोग, हवामान, नैसर्गिक. तीन चौकोन. "कार्यालयाच्या आदेशामुळे" असा चौथा चौकोन त्या फॉर्मवर नाही. साहेबांचं पेन तिन्ही चौकोनांवरून फिरलं आणि तिसऱ्या चौकोनात खूण झाली. नैसर्गिक. मी म्हटलं, "साहेब, ह्यात नैसर्गिक काय हाय?" साहेब म्हणाले, "रतन, फॉर्ममधी जागाच न्हाय गं." आणि चपला घालून निघून गेले.

आता कुणी म्हणेल, झालं गेलं, आज कशाला उकरून काढतेस? शुभ दिवस आहे, लाडू आहेत. तर ऐका. मधपालनाचे नियम बदलायला राज्यानं समिती नेमलीय. मागच्या महिन्यात सुनावणीला मी गेले होते. मी काय मागितलं? रस्त्यापासून अंतर ठेवा, आमची ना नाही. पण हलवायला तीन आठवडे द्या, म्हणजे पेटी आधी तीन किलोमीटर लांब नेऊन मग नव्या जागी आणता येते, कसं हलवायचं ते मधपाळाला ठरवू द्या, आणि रस्त्याच्या बाजूला उंच जाळी किंवा दाट कुंपण असेल तर पेटी जागेवर राहू द्या, कारण जाळी आली की माशी वरून उडते, माणसाच्या कानापाशी येत नाही. समितीतले एक गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, कलम अकरामुळं नुकसान झाल्याची राज्यात एकही सरकारी नोंद नाही. मग बदलायचं कशासाठी?"

एकही नोंद नाही! माझ्या सोळा पेट्या कुठं गेल्या? त्या नैसर्गिकमध्ये गेल्या. मोरगावच्या सिद्धूच्या नऊ गेल्या, त्या हवामानात गेल्या. हात वर कर सिद्धू, लाजतोस काय! अशा किती चौकोनांत किती माशा पुरल्यात ते खात्यालाच ठाऊक. समिती दहा तारखेपर्यंत कागद घेणार आहे. पंचनाम्यात दुरुस्ती करायचा अधिकार तो लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला, तो पदावर असेपर्यंतच. उद्या नवीन साहेब येतील आणि म्हणतील, माझ्या काळातलं नाही, मी काय करू? बरोबरच आहे त्यांचं. म्हणून मी आज आले.

तेजश्री मॅडम, चिठ्ठी मिळाली. वेळ संपली हे मला कळतंय. उरलेल्या सहा पेट्यांवरून मी वर्षभरात पुन्हा एकोणीस उभ्या केल्या. रस्त्याच्या कडेला दहा फूट जाळीही बांधली. आणि गेल्या मंगळवारी पुन्हा नोटीस आलीय. सोमवारपर्यंत पेट्या दीडशे फूट मागं घ्या. सही तीच, ना. भि. कोकरे.

तर अनुप साहेब, आपण समोरच आहात म्हणून बरं झालं, पत्र टाकायचा खर्च वाचला. मी पेट्या हलवणार नाही. नोंदणी रद्द करायची तर करा. जप्तीला यायचं तर अकरा वाजता या, मी बांधावर असेन, मोहनराव असतील, सासूबाई छत्री घेऊन असतील. पण जप्तीच्या पंचनाम्यात कारण लिहिताना "मधपाळ स्त्रीनं ऐकलं नाही" असं स्पष्ट लिहा. एकदा ऐकलं, आता ऐकायची न्हाय! टाळ्या वाजवू नका, हे टाळ्यांसाठी बोलत नाही मी.

कोकरे साहेब, तुम्हाला वाटत असेल, हिला मी शिकवलं आणि ही माझ्याच निरोपाला मला उभं करते. व्हय साहेब, करते. तुमच्याबद्दल मला राग आहे आणि तुमच्याबद्दल मला मायाही आहे, दोन्ही खरं आहे. एकतीस वर्षं तुम्ही गावोगावी फिरून शेकडो माणसांना माशी शिकवलीत. माझी पोरगी निकिता आज कृषी महाविद्यालयात शिकते, ती तुम्ही आणून दिलेल्या त्या संमतिपत्रावर. पण तुम्ही जे फळ्यावर शिकवलंत ते खरं होतं, का जे नोटिशीवर सही करून दिलंत ते खरं होतं? दोन्ही खरं असू शकत नाही, साहेब. पंचनाम्याची प्रत मी आणलीय. तुमच्यापुढं ठेवलीय, गुलाबाच्या हाराखाली. चौकोन नसला तरी शेजारी समास आहे. तिथं एक ओळ लिहायला जागा आहे, मी मोजून बघितलीय.

नाही लिहिलंत तरी मी तुम्हाला शिव्याशाप देणार नाही. घरी या, मध चाखा, सासूबाई तुम्हाला भाकरी वाढतील. पण मग पुढच्या प्रशिक्षणात नवीन पोरांना मी काय सांगू, तेवढं जाण्याआधी सांगून जा.

अध्यक्ष आबा, आपण मला मधेच बसवलं नाहीत, तुमचे उपकार आहेत. संयोजकांनी एका बांधावरच्या बाईला व्यासपीठावर बोलावलं, त्यांचीही मी ऋणी आहे, जरी त्यांना आता पश्चात्ताप होत असला तरी. वहिनी, आजच्या दिवशी तुमच्यासमोर हे बोलावं लागलं, त्याबद्दल तुमची मनापासून क्षमा मागते. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला पद खालीवर लागलं असेल, तर ते माझं अज्ञान समजून पोटात घाला. जे मुद्दाम बोलले ते मात्र पोटात घालू नका, फायलीत घाला. साहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. सर्वांना पुन्हा एकदा जयभीम, जय महाराष्ट्र.

थांबा मॅडम, माईक बंद करू नका. साहेब काहीतरी विचारतायत. मागं ऐकू येत नाही साहेब, मोठ्यानं बोला. काय? किती गेल्या म्हणता?

सोळा, साहेब. सोळा लिहा. आणि पुढं कारण लिहा, कलम अकरा.