अंतरमामा

ताई : मग काय, हिशेबच करू या. गाणं चाललं, तुझं नाव झालं. उद्या भरल्या सभागृहात तू गाणार, लोक नाचणार. तुझ्या पदरात एवढं पडलं. आता आईकडचं बघ. दिवे लागले, तिच्या खोलीतून आवाज आलाय?

भाऊ : हळू बोल, दार उघडं आहे. दमली असेल गं. उद्या सकाळी ऑपरेशन, त्यात दिवसभर तपासण्या.

ताई : तुझ्या वेळेस कळा येत होत्या, तरी संध्याकाळची प्रार्थना चुकवली नव्हती तिने. आज गप्प आहे.

भाऊ : कळलं का तिला?

ताई : दुपारी एक्स-रेला नेताना हॉस्पिटलचा लिफ्टवाला गुणगुणत होता, ‘अंतरमामा, जागा आहेस ना?’ आईने विचारलं, ही माझी प्रार्थना तुला कुणी शिकवली? तर म्हणाला, ‘आजी, पार्टीत वाजतं हे! गायक विचारतो, जागा आहेस ना, की सगळे ओरडतात, जागाय!’ नाचूनही दाखवलं मेल्याने. लिफ्ट हलली.

भाऊ : पण त्यात देवाचं नावसुद्धा नाहीये!

ताई : वा रे वकीलसाहेब! मूळ शब्द अंतर्यामी. आईला लहानपणी ऐकू आला अंतरमामा. आजोळ नव्हतं बिचारीला, तिने देवालाच मामा केलं. हा मामा जगात फक्त तिचा होता.

भाऊ : म्हणून तर घेतला. इतका गोड शब्द…

ताई : गोड दिसला म्हणून दुसऱ्याच्या ताटातला उचलायचा? विचारलंस तिला?

भाऊ : नाही म्हणाली असती.

आई : (आतून) या दोघं आत. तुमची कुजबुज लिफ्टपर्यंत पोचतेय.

भाऊ : आई… आज प्रार्थना नाही केलीस?

आई : डोळे मिटले होते. ‘जागा आहेस ना’ म्हटलं, आणि कानात शंभर माणसं ओरडली, जागाय!

भाऊ : चुकलो गं.

आई : इतकी वर्षं विचारत आले, त्याने एकदा ओ दिली नाही. त्या गप्प राहण्याचाच आधार होता रे. तो आहे, ऐकतोय, असं वाटायचं. आता विचारायचीही सोय नाही. आणि उद्या मला गुंगी देणार. भीती वाटते.

ताई : दुसऱ्या नावाने हाक मार ना. देवाला काय, हजार नावं.

आई : मामाला काका म्हणू?

भाऊ : मी काय करू, सांग.

आई : त्याची जागा तू रिकामी केलीस, आता तूच जागा राहा. उद्या डोळे उघडेन तेव्हा समोर हवास.

ताई : आई, उद्या त्याचा कार्यक्रम आहे.

आई : ठाऊक आहे. लिफ्टवाल्याने तिकीट काढलंय.

भाऊ : नाही जात मी. कळवून टाकतो.

ताई : चला, म्हणजे फिटलं तुझं.

भाऊ : कुठलं फिटतंय? माझा एक कार्यक्रम गेला. तिचा मामा गेला.

आई : आणि त्या लिफ्टवाल्याची मजा गेली, त्याचा काही दोष नसताना. बरं, दिवा मालवा आता… जागा आहेस ना?

ताई : अरे, ओ दे की!

भाऊ : शू. मामा कधी ओ द्यायचा नाही.