पेटीवरचं नाव

...छे, पण मी म्हणतो, एक 'नाही' म्हणाले काय जात होतं हो त्या माणसाचं? दात पडत होते, का जीभ झडत होती? सांगा ना तुमी! 'आमच्याजवळ नाही'... बस! संपलं! पण आमचा शालिग्रामभाऊ म्हणजे... आता तुमाले काय सांगू! इंझोरीत खडकाड वावराचा एक तुकडा, घरावरची कवेलू अर्धी फुटकी, पण रस्त्यानं चालन तं असा, का जसा आत्ताच कचेरीतून मान घेऊन निघाला. 'कसं काय भाऊ?' म्हणलं का 'झकास!' आंगात ताप भरून राह्यला, तरी झकास! बैल मेला, तरी झकास! घरात नाही दाणा आन मले बाजीराव म्हणा, दुसरं काय!

आन अशा माणसाच्या पोटी पोट्टी कोण? विजयमाला! वाशीमले मामाच्या घरी राहून मॅट्रिक झाली. त्या इंग्रजाच्या काळात, पोट्टी, आन मॅट्रिक! तेही पह्यल्या वर्गात! आमच्या गावात मोठमोठे मिशावाले आंगठे उठवत होते हो! आन ही बापाले म्हणते कशी, 'बाबा, मले नागपूरले कॉलेजात जायचं हाये. डॉक्टरीण व्हायचं हाये. आपल्या गावातली बाई अडली का तिले बंडीत टाकून मंगरूळपीरले न्या लागते, आन अर्ध्या वाटेवर...' पुढचं बोलाची गरजच काय? शालिग्रामभाऊची धाकटी बहीण अर्ध्या वाटेवरच गेलती. भाऊच्या डोळ्याले पाणी आलं. म्हणाला, 'जाशील माय. काहीबी करीन, पण तुले पाठवीन.'

म्हणाला खरा. पण कॉलेज काय बाजारातलं वांगं हाये? फी, बोर्डिंग, पुस्तकं... तं निघाला मदत शोधाले. आन मदत मागाले निघालेल्या माणसाचा थाट पाहा तुमी! पांढराफक सदरा, डोक्याले नवा पटका, मिशीले तूप! गेला मालेगावले, जिनिंगवाल्या एका शेठजीकडे. शेठजी विचारते, 'या शालिग्रामभाऊ, कसं काय?' 'झकास!' 'घरदार?' 'झकास!' 'काही काम काढलं होतं का?' 'छे छे, सहज!' सहज! दिवसभर बंडी हाकलत, धूळ खात, सहज! आन वरून शेठजी देवळासाठी वर्गणी गोळा करून राह्यले होते, तं त्यात आपलं नाव घालून आला हा शहाणा! मागाले गेला आन देऊन आला! एक 'नाही' म्हणाले काय जात होतं, मी म्हणतो!

बरं, देव तरी किती करन? त्यानं गुलाम नबी भेटवला. मंगरूळपीरले दर्ग्याच्या रस्त्यावर त्याचं दुकान, पत्र्याच्या पेट्या बनवते. बाहेरगावी शिकाले जाणारा हरेक पोट्टा पेटी घ्याले त्याच्याचकडे, म्हणून कोणाले कुठून मदत भेटली हे गुलाम नबीले तोंडपाठ. शालिग्रामभाऊ गेला पेटी सांगाले... हाव, फीचा पत्ता नाही आन पेटी पह्यले! तं गुलाम नबी ठोकता ठोकता म्हणते, 'शालिग्रामभाई, अमरावती में एक मंडल है. गरीब बच्चों को पढने के वास्ते वजीफा देता. लडकी को भी देता. अर्जी डालो. उनका आदमी घर देखने कू आता. बस एक बात याद रखो, जो है वोइच दिखाना. टूटी बाज है तो टूटी बाज पेइच बिठाना.' भाऊ म्हणे, 'हाव हाव हाव!' गुलाम नबीनं पेटीले हिरवा रंग देला, वरतं पांढऱ्या रंगानं नाव काढलं, 'कु. विजयमाला शालिग्राम, इंझोरी'. पोट्टीनं ती पेटी घरी आल्यावर पदरानं इतक्या खेपा पुसली, का रंग निघाचा राह्यला!

अर्ज गेला. निरोप आला का मंडळाचे मदनसिंगजी अमुक दिवशी येतात. आन इथून पुढं, तुमाले सांगतो, मती फिरली.

आपल्याकडची रीत तं तुमाले ठाऊकच हाये. पोरीले पाहाले पाहुणे यायचे असले का सारं आळीतलं सामान एका घरात! कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही, हात आपोआपच चालतात. आता हा माणूस सोयरीक कराले येऊन राह्यला नाही, गरिबी पाहाले येऊन राह्यला, हे भाऊच्या कारभारणीले, मनकर्णाबाईले, समजत नव्हतं काय? समजत होतं! पण म्हणे, 'पाहुणा दारात येईन आन मी त्याले फुटक्या गिलासात पाणी देऊ? अवं माय, त्यापेक्षा मले मरण येवो!' झालं! शेजारचा जगदेव म्हणजे आळीतलं भरलेलं घर, आन दिलदार माणूस. त्याच्या घरून सतरंजी आली, तक्के आले, पितळेची भांडी आली, भिंतीवरचं घड्याळ आलं, पांढरीशुभ्र बैलजोडी येऊन शालिग्रामभाऊच्या कोठ्यात बांधली गेली, जगदेवच्या बायकोनं, चतुराबाईनं, आंगावरची एकदाणी काढून विजूच्या गळ्यात घातली, आन जगदेवनं स्वतःचा कोट काढून भाऊले चढवला! म्हणे, 'घाला भाऊ, तुमचा मान तो आमचा मान!' गुलाम नबीचे शब्द? गेले उडत!

मदनसिंगजी आले. भला माणूस, खादीचा कोट, पायात साधी चप्पल. दारात बैलजोडी पाह्यली, थबकले. आत सतरंजी, तक्के, घड्याळ टिकटिक करून राह्यलं. ताटात पुरणाच्या पोळ्या, पाटवडीचा रस्सा, भजे, वाटी भरून तूप! साहेब म्हणते, 'एवढं कशाला?' भाऊ म्हणते, 'हे काय एवढं? रोजचंच!' रोजचंच! ऐका! त्या घरात तूप दिवाळीले दिसे!

मंग विजूले बोलावलं. साहेबानं पोट्टीले विचारलं, 'पुढे काय शिकायचं मनात आहे, बेटा?' आता बोलाचं! ह्याच एका गोष्टीसाठी सारा खटाटोप! पण मनकर्णाबाईनं तिले पाटावर बसवलेली, डोक्यावर पदर, आन आतून दरडावलेलं, 'मान वर केली तं पाह्य!' पोट्टीनं तिरपी नजर करून बापाकडं पाह्यलं. नुसती मान हलवाची होती हो त्यानं, पोट्टी घडाघडा बोलली असती, त्या आत्याचं सांगितलं असतं, बंडीचं सांगितलं असतं. पण बाप कुठी? बाप पोळी वाढाले सांगून राह्यला! 'घ्या साहेब, एक घ्या, आमच्या गळ्याची आण!' आन मनकर्णाबाई दाराआडून, 'सैपाक येते तिले सारा! शिवणं बी येते!' पोट्टीनं मान खाली घातली ती घातलीच.

हात धुता धुता मदनसिंगजी म्हणाले, 'शालिग्रामजी, तुमच्यासारख्या सुखवस्तू माणसांनी तर उलट आमच्या मंडळाला हातभार लावला पाहिजे.' तुमी म्हणसान आता तरी खरं बोलला असन. आता तरी! तं हा म्हणते, 'काहून लावणार नाही! पुढल्या हंगामात तुरीचं एक पोतं मंडळाले!' अरे कर्णा! एक 'नाही' म्हणाले काय जात होतं बे तुह्यं?

थांबा, संपलं नाही. साहेब उठले आन म्हणाले, 'याच गावातून आणखी एक अर्ज आहे, जगदेव यांच्या मुलाचा.' जगदेवचा रामराव, मॅट्रिकले रडतखडत सुटलेला, त्यानं विजूचं पाहून बापाले न विचारता अर्ज टाकला होता, लागला तं लागला म्हणून. साहेब तिकडं गेले. आन जगदेवच्या घरात काय होतं? काय असन, सांगा? सारं तं इकडं! कोठा रिकामा, भिंत रिकामी, चतुराबाई उघड्या गळ्यानं जमिनीवर बसलेली, आन जगदेवच्या आंगात नुसतं फाटकं बनियन! साहेबाले गूळपाणी देलं मातीच्या बोळक्यात. जगदेव बिचारा घाबरला. म्हणे, 'साहेब, आमच्या घरी सारं हाये, पण...' आन थांबला. शेजाऱ्याची अब्रू कशी उघडी करन? म्हणे, '...पण सध्या बाहेर हाये.' साहेबाले वाटलं सावकाराच्या घरी हाये! त्यायनं जगदेवच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणे, 'मला कळलं. स्वाभिमानी आहात.'

एका गावात एकालेच शिष्यवृत्ती देत होते ते. रामरावले भेटली.

जगदेवले लय वाईट वाटलं, खोटं काहून सांगू? अमरावतीले जाऊन खरं सांगतो म्हणाला. तं शालिग्रामभाऊनंच त्याचा हात धरला, 'छे छे, पोट्टा जाऊ दे. आमचं काय, झकास!' मंग आळीतलं सामान ज्याच्या त्याच्या घरी गेलं. आन रामरावच्या जायच्या दिवशी चतुराबाई दारात उभी, पदराशी चाळा करत. म्हणे, 'भावजी, पोराले कपडे न्याले पेटी नाही... विजूची नुसतीच पडून हाये म्हणून...' भाऊ काय म्हणन? तुमीच सांगा! म्हणे, 'न्या ना!' विजूनं पेटीतली आपली पुस्तकं एकेक करून काढली, फडताळात ठेवली, पेटी पदरानं पुसली आन बाहेर आणून ठेवली. एक शब्द बोलली असती तं बरं झालं असतं.

आन पेटी मोटरीवर पोचवाले कोण गेला? शालिग्रामभाऊच! बंडीत मागं रामराव आन मी. मंगरूळपीरले दर्ग्याच्या रस्त्यानं बंडी जाऊन राह्यली, तं दुकानातून गुलाम नबी धावत आला, हातोडी हातातच. 'अरे मुबारक! ये तो बेटी की पेटी है! मगर... बेटी किधर है?'

शालिग्रामभाऊनं तोंड उघडलं. आमाले वाटलं आता 'झकास' म्हणते. तं म्हणे, 'नाही... ती नाही जाऊन राह्यली.'

निघाला! जिंदगीत पह्यल्यांदा त्या तोंडातून 'नाही' निघाला, आन कुठी? जिथं त्याचा काहीच उपेग नव्हता, तिथं!

गुलाम नबीनं हातोडी खाली ठेवली. मंग हिरव्या रंगाचा डबा घेऊन आला, म्हणे, 'लाओ भाई, नाम मिटा देता.' भाऊनं पेटीवर हात ठेवला. म्हणे, 'राहू द्या भाई. पोट्टी राह्यली तं राह्यली... नाव तरी शिकून येईन.'