आजीची बोलणी

आई : म्हणजे माझी बोलणी तू भर वर्गात ऐकवलीस? तुमच्या विभागप्रमुखांसमोर?

लेक : अगं, दुसरं काय करणार! ते मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेले. आजचा तास त्यांना पटला नसता, तर माझा विषयच बंद होणार होता.

आई : तो आफ्रिकेचा?

लेक : आफ्रिकेतून गुलाम करून बेटांवर नेलेल्या माणसांचा. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी मालकांच्याच फ्रेंचमध्ये कथा-कविता लिहिल्या, त्या शिकवते मी. किती वर्षं सांगतेय तुला!

आई : मग त्यात मी कुठून उपटले?

लेक : आज शिकवत होते त्या कादंबरीतली आजी नातीला फैलावर घेते. शब्द फ्रेंच, पण ठसका तिच्या जुन्या भाषेचा. मी जीव तोडून समजावतेय आणि मुलं आपली ढिम्म! शेवटी पुस्तक मिटलं. म्हटलं, ही आजी तुमच्या घरात असती तर कशी रागावली असती? तुमच्या घरच्या भाषेत सांगा. आणि सुरुवात मीच केली. 'डोळे आहेत की बटणं? पायाखालचं दिसत नाही, आणि निघाली जग बघायला!'

आई : अगंबाई! तेच बरं सापडलं!

लेक : मग काय, नुसती धमाल! प्रत्येकाच्या घरची भाषा वेगळी, बोलणी मात्र सगळ्यांनीच खाल्लेली. एकीने कमरेवर हात ठेवून अशी आजी उभी केली, की पोरांनी बाकं बडवली. मग तीच म्हणाली, 'पण मॅडम, हा तोरा फ्रेंचमध्ये आणायचा कसा?' तिथून खरा तास सुरू झाला.

आई : आणि प्रमुख?

लेक : हसत हसत उठले आणि त्यांच्या आजीचं एक वाक्य म्हणाले. कुणालाच कळेना. अर्थ विचारला, तर म्हणाले, 'जेवलास का? पण विचारायची रागावूनच.'

आई : अन् विषयाचं काय?

लेक : चालू! वर पुढच्या तासालाही येणार आहेत.

आई : मग जिंकलीस की! तोंड का असं?

लेक : जाताना दारात थांबले. म्हणाले, ती भाषा बोलायला आता घरात कुणी उरलं नाही.

आई : रविवारी जेवायला बोलाव त्यांना.

लेक : तुला कुठे येते त्यांची भाषा?

आई : नसेना का येत. त्यांनी बोलावं, मी वाढत राहीन.