सोमाजीच्या गोदामातल्या मुंग्या

सांगा बरं सेवकरामभाऊ, भरोसा ठेवावा तर कोनावर — पगारी चौकीदारावर का या काळ्या मुंग्यायवर? हां हां, पाय उचला! लाइन तुटते त्यायची. धान खरेदी संस्थेनं तुमाले उधईचं, म्हंजे वाळवीचं, नुकसान लिवाले धाडलं, मुंग्या चेंगराले नाई. अर्ज वाचलाच असंन — संस्थेच्या धान भराच्या दोन हजार रिकाम्या बोऱ्या माह्या गोदामात उधईनं खाल्ल्या. लिवा तसंच. पन मुंग्या पाहा आधी. आमची घरवाली तुळसा रोज पीठ टाके यायले, पुन्य लागते म्हने — एकीनं तोंड लावलं नाई. म्या म्हनलो, अवं, शिकारी जात आहे ही, तुह्या पिठानं का पोट भरन यायचं? एक मुंगी एकटीच हिंडते, भितीवरची मातीची नळी हुंगते, अंदर उधई दिसली का गुपचूप वापस. मंग येते फौज — दोन-तीनशे, एकामांगं एक, धक्का नाई, बुक्का नाई — तुमसरच्या बाजारात दिसन काय असं? नळी फोडली, डंख मारला, उधई लुली पडली का जबड्यात धरून घरी. रस्त्यानं एक घास खात नाई, माल जमा झाल्यावरच जेवन! असे हमाल मले भेटले असते तर आज मिलचा मालक असतो मी.

पोयाच्या सनाले तुमच्या बोऱ्या आल्या, तवा उधई होती, नाई म्हनत नाई. पन दसऱ्यापर्यंत या पोरीयनं साफ केली सारी. एक दोरा कुरतडला असंन तं नाव बदलून टाका माहं! दिवाळीत आंधळगावचा व्यापारी आला, बोऱ्या उलटून-पालटून पाहे, म्हने सोमाजी शेठ, माल तं कोरा आहे — म्हनून तं त्यानं भाव —

काहून, पेन काहून थांबला? नाई, त्या बोऱ्या अलग. तुमच्या तं त्या कोपऱ्यात होत्या. कोपरा रिकामा आहे म्हनता? मंग, खाल्ल्यावर उरते का काही? दोन हजारच्या दोन हजार, हो — भूक असते भाऊ, जिवाले. अन् मुंग्या तवा कोठी होत्या म्हनता? आता... त्यायले का इतवार नसते?

तुळसा, चहा राहू दे वं, भाऊले घाई आहे. निंगा तुमी. मुंग्यायचं नाव तेवढं कागदावर आनू नका, गरीब जीव आहे. बाकी हिसाब इमानदारीनं लिवजा.